दोन काठांमधला तरीवाला

नवरा गेल्यानंतर कोपरच्या आमच्या घराची बेल वाजायची ती कचरेवालीची, नाहीतर चुकून. मुलगा आणि सून बंगळुरूला. रविवारी व्हिडिओ कॉल यायचा, नातू स्क्रीनवर हात हलवून पळायचा. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यावर कितीतरी महिने मी सकाळी उठून डबा भरायचे आणि दुपारी तोच डबा घरातल्या टेबलावर उघडून खायचे. हे मी मुलाला कधी सांगितलं नाही.

अशाच एका दुपारी बेल वाजली. दारात माझ्या चुलत भावाची सून, सोबत तिच्याच वयाचे दोन-तीन जण.

"आत्या, आत येऊ ना?"

मला आत्या म्हणून हाक मारलेली ऐकून किती काळ लोटला होता. मी एवढी गोंधळले, की पाणी द्यायच्या आधी चहाचं आधण ठेवलं.

त्यांना गाणं हवं होतं. खाडीपलीकडे नवा विमानतळ होतोय, त्याला आमच्या भागातल्या तरीवाल्याचं नाव द्यावं, अशी मागणी त्यांनी लावून धरली होती. तरीवाला म्हणजे माणसांना होडीतून खाडीपार नेणारा. आमच्या खाडीकाठच्या गावांत त्याची गोष्ट गाण्यातूनच चालत आलेली. माझी आई हळदीच्या रात्री ते गाणं गायची. तिला गावोगाव बोलावणं असायचं आणि मी तिच्या मांडीला टेकून अर्धवट झोपेत ऐकायचे. आई गेली, माहेरच्या शेतात टॉवर उभे राहिले, लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली. गाणं अख्खं येणारी आता मीच, असं भावाच्या सुनेला कोणीतरी सांगितलं होतं.

गोष्ट साधी आहे. फार पूर्वी पटकीची साथ आली. औषध देणारा वैद्य पलीकडच्या काठावर. आजाऱ्यांना होडीत घ्यायला कोणी तयार होईना. हा एकटा नेत राहिला, आणत राहिला. साथ ओसरली तेव्हा तो घरी परतायला निघाला, तर अलीकडच्या काठावर लोक काठ्या घेऊन उभे. रोग घेऊन येईल म्हणून. पलीकडे गेला, तिथेही तेच. मग तो होडीतच राहिला, होडीतच म्हातारा झाला. शेवटच्या कडव्यात आई आवाज अगदी खाली आणायची:

*या काठी थारा नाय, त्या काठी थारा नाय,*
*मधल्या पान्यावं तुजा संसार रं दादा...*

मी गायले. त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. सून डोळे पुसत म्हणाली, "आत्या, तुम्ही होतात कुठे इतके दिवस?"

होते कुठे? इथेच होते, रिक्षाने यायच्या अंतरावर.

त्यानंतर माझ्या घरी बैठकाच सुरू झाल्या. गावात सगळ्यांच्या घरी माणसं, माझ्याकडे जागा रिकामी. पलंगावर बॅनर पसरायचे. बॅनरवर तरीवाल्याला भरघोस मिशा दिल्या होत्या आणि हातातलं वल्हं भाल्यासारखं धरलं होतं. मला हसू आलं. कपबशा कमी पडायला लागल्या तेव्हा मी माळ्यावरून लग्नातला जुना सेट काढला. खुर्च्या भरल्या, की मी मुद्दाम खाली जमिनीवर बसायचे. घरात बसायला जागा नाही, हे किती छान वाटतं!

मग मानपाड्याच्या मैदानावर सभा ठरली. मी गायचं होतं. आदल्या दिवशी भावाची सून आली, जरा अवघडलेली.

"आत्या, ते शेवटचं कडवं नको हं. लोकांना वाटेल, आपल्याच माणसांनी त्याला हाकललं."

"अगं, हाकललंच होतं ना."

"गाण्यात चालतं हो. पण त्याचं नाव मागायला आपणच उभे आणि वर हे सांगायचं... बरं नाही दिसत."

मी बरं म्हटलं. तिच्याशी वाद घातला असता, तर ती उद्या आली नसती.

सभेला खूप माणसं. मी स्टेजवर गायले. वैद्यापर्यंत, साथ ओसरेपर्यंत, आणि थांबले. टाळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक आवाज आला. म्हातारा, चिरका, पण सुरात. कोणीतरी माझं राहिलेलं कडवं गात होतं. मी माइकपासून दूर झाले. ती एक नऊवारी नेसलेली, वाळकी बाई होती, उभी राहून डोळे मिटून गात होती. कडवं संपलं तरी ती थांबली नाही. पुढे आणखी एक कडवं निघालं, मी जन्मात न ऐकलेलं. मला फक्त "चिखलान् ठेवला भात" एवढंच कळलं, कारण मागून घोषणा सुरू झाल्या आणि आवाज बुडाला.

मी स्टेजवरून उतरून गर्दीतून वाट काढेपर्यंत तिला तिच्या माणसांनी टेम्पोत चढवलं होतं. "पलीकडच्या गावची आजी," एवढंच कोणीतरी सांगितलं.

सभेनंतर मागणीचं निवेदन वर गेलं. वर म्हणजे कुठे, ते मला कळलं नाही. नावाचा निर्णय आजही झालेला नाही. बैठका आधी लांबल्या, मग थांबल्या. मागणीसाठी केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलांची चित्रं आणि शुभ सकाळ एवढंच यायला लागलं. एक-दोनदा मी भावाच्या सुनेला फोन केला. ती प्रेमाने बोलली, पण तिच्या मुलाच्या परीक्षा होत्या. मी सेट धुऊन, पुसून ठेवून दिला.

एक दिवस मात्र राहवलं नाही. रिक्षा केली आणि नव्या पुलावरून पलीकडे गेले. दोन गावांत विचारत फिरले. तिसऱ्या गावात एका मुलीने घर दाखवलं. आजी ओटीवर बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"आयलीस गं बाय? कवाची वाट बघतंय."

आतून तिची सून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "त्यांना तुम्ही त्यांच्या धाकट्या बहिणीसारख्या दिसताय. ती जाऊन खूप वर्षं झाली. हल्ली त्यांना आठवत नाही."

मी आजीशेजारी बसले. तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. गाण्याचं पहिलं कडवं मी धरलं, ती लगेच मागून आली. शेवटपर्यंत गेलो. मग मी थांबले आणि ती एकटीच पुढे म्हणाली:

*चिखलान् ठेवला भात, वर झाकली परात,*
*भरती येवाचे आदी जेव रं दादा...*

"कोण ठेवायचं गं भात?" मी विचारलं.

"आपल्या बायका. पुरुषांना नाय सांगाचा." आणि ती लहान मुलीसारखी हसली.

संध्याकाळ व्हायला आली तशी मी उठले. आजी म्हणाली, "उद्या ये गं. आयेला सांगून ये."

"येते," म्हटलं.

रस्त्यावर बराच वेळ रिक्षा मिळाली नाही. मी पुलाच्या दिशेने चालत निघाले, ते दोन ओळींचं कडवं विसरू नये म्हणून पुटपुटत.