खाला इस्मतची लाल खूण

जिद्द्याच्या नुजला वस्तीतल्या आमच्या गल्लीत कोंबडी तळायची अक्कल कुणाच्याच घरात नव्हती, आणि गरजही नव्हती. कोपऱ्यावर ‘फनार ब्रोस्ट’ नावाचं दुकान होतं. रात्रभर लसणात मुरवलेली कोंबडी, झाकण घट्ट आवळून वाफेच्या दाबाखाली तळलेली, सोबत मऊ पाव आणि पांढऱ्याशुभ्र लसूणचटणीची डबी. गुरुवारी असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज झाली की अर्धं जिद्दा तिथे लोटायचं. पुरुषांची रांग पार टायरवाल्याच्या दुकानापर्यंत जायची. बायकांची खिडकी वेगळी होती, बाजूच्या दारातून, आणि तिथे जेमतेम चार जणी उभ्या असायच्या. त्यामुळे ज्याच्या घरात सवड असलेली बाई, तो गुरुवारी लवकर जेवायचा. आमच्या अख्ख्या गल्लीत सवड असलेली बाई एकच, सगळ्यांची मावशी, खाला इस्मत.

खाला मुलींच्या शाळेत शिपाईण होती. नवरा लवकर गेला, मुलाला, हातिमला, तिने एकटीने वाढवलं. नोकरी संपल्यावर गल्लीचे डबे आणायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. दारोदार जाऊन कुणाला काय हवं ते ऐकायची, काही लिहायची नाही, आणि चाकांच्या पिशवीतून गरम डबे घेऊन यायची. मेहनताना म्हणून प्रत्येक घरामागे लसणाची एक डबी तिची. यावरून आम्ही तिला किती छळलं असेल! तिच्या फ्रिजचं दार उघडलं की मक्केपर्यंत वास जातो, असं माझी आई म्हणायची. खाला म्हणायची, “जाऊ दे की, हाजींना भूक लागेल.”

तिचं सगळ्यात बडं गिऱ्हाईक म्हणजे माझे वडील, अबू वाइल, म्हणजे वाइलचे बाबा; वाइल मी. बंदरावर क्रेन चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि आपल्याइतकं तिखट पचवणारा माणूस लाल समुद्राच्या या काठावर नाही, अशी त्यांची पक्की समजूत. आम्ही सगळे साधं खायचो. त्यांचा डबा वेगळा, झाकणावर लाल पेनाची खूण केलेला. त्यातला तुकडा ते कुणाला देत नसत. “तुम्हाला झेपायचं नाही,” म्हणत आणि घाम नसलेलं कपाळ रुमालाने पुसत.

मग दिवस बदलले. पुरुष आणि बायकांच्या रांगांमधली भिंत पडली, एकच खिडकी झाली, आणि पाठोपाठ सगळ्यांच्या हातात फोन आला. बोट लावलं की डबा दारात. एकेक घर गळत गेलं. शेवटी आमचं तेवढं उरलं, कारण वडिलांना फोनचा राग होता. एका घरासाठी खाला चाकांची पिशवी घेऊन निघायची, तेव्हा मला तिच्याकडे बघवत नसे. हातिमने तेच हेरलं. तो खोबरला नोकरीला होता, पूर्वेकडे, हजारावर किलोमीटर लांब. त्याने आईला सांगितलं की आता इथे तुझं कुणावाचून अडत नाही नि तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही, माझ्याकडे चल. एक महिना राहून बघायचं, पटलं तर महिनाअखेर घराची किल्ली मालकाला द्यायची, असं ठरलं.

हातिम कोरियात शिकलेला. आईचं मन वळवायला तो दर दोन-तीन दिवसांनी तिला नवं दुकान दाखवायचा, आणि खाला माझ्या आईला फोनवर निकाल कळवायची. अमेरिकन कोंबडीचा कोट झकास, पण कोट काढला तर आत कुणी राहत नाही. फिलिपिनो लोक भात आणि रस्सा देतात, ते शहाणे आहेत, नुसत्या पावाने पोट भरत नाही हे त्यांना कळतं. कोरियन लोक दोनदा तळून वर गोड-तिखट लाल चटणी चोपडतात, ती तिला चक्क आवडली. “पण रांगेत कुणी बोलत नाही गं,” ती म्हणाली. “नंबर पुकारतात आणि आपण उठायचं.” तरी तिचा आवाज खूश होता, आणि मला धास्ती वाटली की ही आता येत नाही.

इकडे पहिल्याच गुरुवारी मी फोनवरून मागवलं. वडिलांसाठी तिखट. त्यांनी नेहमीच्या रुबाबात पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि त्यांचे डोळे भरून आले. तासाभरात पोट धरून आडवे झाले. चुकून दुसऱ्याचं दिलं, असं म्हणून मी तणतणत ‘फनार’वर गेलो. काउंटरवरचा बखीत तिथे वीस वर्षं आहे. त्याने डबा पाहिला आणि म्हणाला, हेच आमचं तिखट. खालाने तिखट कधी नेलंच नाही. एकोणीस वर्षं सगळं साधंच न्यायची, आणि दारात उभी राहून एका झाकणावर पर्समधल्या लाल पेनाने खूण करायची.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती म्हणाली, एकोणीस वर्षांपूर्वी वडिलांच्या जठराच्या व्रणाचं ऑपरेशन झालं तेव्हा बाहेर बाकावर तिच्यासोबत खालाच बसली होती. तिखट बंद, असं डॉक्टर म्हणाले ते तिनेही ऐकलं होतं; वडिलांनी मात्र ते कधी मानलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी वडिलांनी ‘फनार’चं काही घरात आणू दिलं नाही. मला वाटलं, अपमान झाला. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा ते मला म्हणाले, फोन लाव.

“उम्म हातिम,” हातिमच्या आईला रीतीने हाक मारत ते म्हणाले, “एकोणीस वर्षं तू मला साधं खाऊ घातलंस.”

“कळलं का?” पलीकडून खाला म्हणाली. “पोट कसं आहे?”

“किल्ली देऊ नकोस. परत ये.”

“कशाला? फोनवर ‘साधं’ दाबलं की साधं येतं. वाइलला विचार.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड भिंतीकडे फिरवलं.

“‘साधं’ माझ्याच्याने दाबवणार नाही,” ते म्हणाले. “तुला माहीत आहे.”

पलीकडे खाला हसली नाही. हातिमला विमानाचं विचारते, एवढंच म्हणाली.

त्या गुरुवारी असरनंतर चाकांची पिशवी गल्लीत खडखडली. बातमी सगळ्या घरांत पोचली होती, दारादारांत माणसं उभी. खाला आमच्या उंबऱ्याशी थांबली, काय आणू म्हणाली. वडिलांनी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “माझं तिखट. एकदम कडक.” कुणी हसलं नाही. शेजारच्या उम्म रझानने पण हाक मारली, दोन डबे आमचेही आण गं. मग समोरच्यांनी सांगितलं, मग त्यांच्या वरच्या मजल्याने.

डबा आला, लाल खुणेचा. वडिलांनी झाकण उघडलं, एक तुकडा खाल्ला, रुमालाने कपाळ पुसलं, आणि मग डबा आमच्यापुढे सरकवला.

“घ्या,” ते म्हणाले. “आज तुम्हालाही झेपेल.”