त्या सिनेमातली किंकाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बापाला नाही. सलीमला माहीत आहे, पण तो तिथे होता म्हणून. मी होऊन त्यालाही कधी एक शब्द बोललो नाही. आता तुम्हालाच का सांगतोय? खरं तर मला नीट कळत नाही. सांगतो एवढंच.

पत्र्याच्या शेडपासून सुरुवात करावी लागेल. किल्लारीच्या अलीकडचं आमचं गाव भूकंपात गेलं. आई गेली, चुलतबहीण सुमी गेली. बाप आणि मी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत झोपलो होतो, म्हणून राहिलो. चुलतीला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. चुलते आधीच वारले होते. आता तिला मी आणि मला ती. ती त्या पहाटेबद्दल एवढंच सांगायची — घर हललं तेव्हा सुमीला घेऊन ती दारापर्यंत पोचली होती. कडी निघाली नाही. मग दगडमाती खाली आली.

पुढची कैक वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकता यायची नाही आणि पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. चुलती दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली, म्हणून मी लातूरला कॉलेजात जाऊ शकलो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी मान वर करून सांगतो, आजही सांगतो. पुनर्वसनात पक्कं घर मिळालं तेव्हा बापाने पहिलं काम काय केलं असेल? सगळ्या दारांच्या कड्या उपटून काढल्या. आमच्याकडे दारं नुसती लोटलेली असायची. गावात बऱ्याच घरी तसंच. पाहुण्याला नवल वाटायचं, पण तो विचारायचा नाही.

लातूरला तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. बोर्डात आलेल्या पोरांचे सत्कार, हार, पेढे, आईबापाचं रडणं — त्याचं शूटिंग करत मी कॅमेरा शिकलो. सलीम लाऊडस्पीकरवाल्यांच्या घरातला, आवाजाचं सगळं त्याच्याकडे. दोघांनी मिळून ठरवलं, भुताचा सिनेमा काढायचा. नुसता भुताचा नाही, रक्तामांसाचा. भूकंपात गाडली गेलेली माणसं ढिगाऱ्यातून उठतात आणि जिवंत राहिलेल्यांना फाडून खातात. — आता लिहिताना हात थांबला माझा. तेव्हा थांबला नव्हता.

शूटिंग आमच्याच घरात. काकवीत लाल रंग कालवून रक्त केलं. त्याला मुंग्या लागायच्या आणि मेलेली माणसं मधेच उठून अंग खाजवायची. खाटकाकडून आणलेली आतडी कुत्र्यांनी पळवली, तर अर्धं गाव हसत कुत्र्यांमागे पळालं. मुडदे म्हणून क्लासची रिपीटर पोरं आणली होती. त्यांना काही शिकवावं लागलं नाही, ती तशीच दमलेली होती.

चुलती सगळ्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. गावात कुणी कुरकुरलं की म्हणायची, "पोरगं शिकलंय माझं. त्याला कळतं काय करावं ते."

शेवटच्या प्रसंगात बाई आतल्या खोलीत कोंडली जाते आणि ओरडते. सगळा सिनेमा त्या ओरडण्यावर उभा होता. पण आमच्या नायिकेला ओरडताच येईना. सलीम कानावरचा हेडफोन काढून म्हणाला, "भई, ही तर उंदीर बघितल्यावाणी वरडून राहिली." सगळे हसले. मी हसलो नाही. मला माहीत होतं खरी किंकाळी कुणाकडे आहे. कधीपासून माहीत होतं? — हाच प्रश्न आहे ना? गोष्टीसाठी म्हणून त्या दाराला बाहेरून कडी मीच बसवली होती. बाप असता तर बसवू दिली नसती. तो माहूरला देवीला जाणार होता, ते दिवस बघूनच मी शूटिंग धरलं होतं. म्हणजे आधीपासूनच मनात असणार. असणार कशाला — होतंच.

दुपारची वेळ, बाकीचे जेवून लांब झाडाखाली पडलेले. सलीमला मी सांगितलं, नुसता गडगडाट घ्यायचाय, माईक आत ठेव. गच्चीवर डांबराचा रिकामा पिंप, त्यात खडी भरलेली. पोरांना म्हटलं, हात केला की लोळवा. मग चुलतीला हाक मारली. "काकी, आतल्या खोलीतलं घमेलं देतीस का?"

ती पदराला हात पुसत आत गेली. मी दार ओढलं. कडी लावली. हात वर केला.

आधी आतून आलं, "कोण हाय रं?" मग पिंप लोळायला लागला. मग ती दारावर आली, हातांनी, डोक्याने, सगळ्या अंगाने. आणि ओरडली. नुसती ओरडली नाही. सुमीला हाक मारत होती. "सुमे, उठ गं, सुमे —" आणि पुढे शब्द नव्हते, नुसता आवाज.

हेडफोन फेकून सलीम कडीकडे धावला. "खोल रे! काकी हाय तुझी!"

मी त्याचं मनगट धरलं.

हेच सांगायचं होतं. कडी लावली ते एक, पण मी मनगट धरलं. घट्ट धरलं. आणि आतला आवाज ऐकत मनात काय म्हणालो? — हे. हेच पाहिजे होतं.

मी दार उघडलं तेव्हा ती माझ्या पायांवर पडली. मी म्हणालो, "कडी आपसूक पडली गं, काकी. वारं आलं." वारं कुठलं? पान हलत नव्हतं. तिने माझे दोन्ही पाय धरले आणि म्हणाली, "तू हुतास म्हून रं, बाळा." मग गावात घरोघर जाऊन सांगत राहिली: त्या टायमाला कुणी आलं न्हाई, आता माझं पोरगं आलं, त्यानं दार उघडलं. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी बघू द्यायचो.

सुमीचं नाव मी कापलं. उरलेला आवाज नायिकेच्या तोंडी बसवला.

लातूरला पहिला खेळ लागला तेव्हा चुलतीला मी दाराजवळची खुर्ची दिली आणि दारवानाला दार उघडं ठेवायला सांगितलं. एवढी काळजी मात्र घेतली. ती किंकाळी आली आणि क्लासच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, "वन्स मोअर!" मी चुलतीकडे बघितलं. तिने स्वतःचा आवाज ओळखला नव्हता. डोळ्यांना पदर लावून तिने विचारलं, "कोण रं ती बाई? लई जीव तोडून वरडली. तिचं बी कुणी गेलंय का?"

मी म्हणालो, "नांदेडची आहे एक. नाटकात काम करते."

"एकदा घरी आण तिला," ती म्हणाली. "जेवू घालते."

त्यानंतर किती वर्षं ती विचारत राहिली, आणली न्हाईस ती बाई. मी म्हणायचो, ती मुंबईला गेली. सलीमने माझ्याबरोबर पुन्हा काम केलं नाही. कारण मी विचारलं नाही. लोक आजही भेटले की त्या आवाजाचं विचारतात, आणि मी म्हणतो, नटीकडून काढून घ्यावं लागतं हो.

चुलती गेली. घरातच, दार नुसतं लोटलेल्या खोलीत, झोपेत गेली. शेवटपर्यंत तिच्या लेखी दार मी उघडलं होतं.

सिनेमा पूर्ण झाला. लातुरात लागला, नांदेडात लागला. आमच्या गावातून सिनेमा काढणारा पहिला माणूस मी. त्यातली किंकाळी माझ्या चुलतीची आहे. कडी मी लावली होती.