सात दिवसांची पट्टी

पितळी परातीत भिजत घातलेल्या बांबूच्या कामट्या, वाटलेल्या आंबेहळदीचा उग्र वास, फेटलेलं अंडं आणि शेतातला ताजा कापूस… कळसाडीच्या आमच्या ओसरीवर एवढं मांडलं गेलं की समजायचं, कुणाचं तरी हाड मोडलंय. आमचे वडील, आप्पा, शेतकरी. पण हाड बसवण्यात पंचक्रोशीत त्यांचं नाव. त्यांच्या लेखी हाडाचे दोनच प्रकार – तडकलेलं आणि मोडलेलं. पट्टीचा नियम मात्र एकच, सात दिवस सोडायची नाही.

कापूसवेचणीच्या दिवसांत ताई भरल्या गाडीवरून कोपरावर पडली. ती दहाची, मी सातची. आप्पांनी स्वतःच्या लेकीचा हात जरा जास्तच मायेनं, जास्तच घट्ट बांधला.

दुसऱ्या दिवशी ताई कण्हत म्हणाली, "आप्पा, मन्हा हात सुन्न व्हई गया."

"हाड जुडी ऱ्हायनं, बेटा."

"एक डाव सोडी तं देखा," माय काकुळतीला आली. आप्पा तिच्यावरच खेकसले.

मी ताईची बोटं धरून बसायचे. गार पडलेली, नखं जांभळी… मी पाहिलं आणि गप्प राहिले. आप्पांचं चुकेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या गप्प राहण्याची मला आजही चीड येते.

सातव्या दिवशी पट्टी सुटली, तेव्हा हातभर फोड होते. पुढे बोटं तळव्यात मिटत गेली, ती कायमची. आप्पांनी पुन्हा कुणाचं हाड बसवलं नाही.

आज मी नंदुरबारला हाडांची डॉक्टर आहे. मुलांच्या मोडलेल्या कोपराचे प्रकार एक्स-रेवर ठरवते – न सरकलेलं, थोडं सरकलेलं, पूर्ण सुटलेलं. पूर्ण सुटलेल्या हाडाचं टोक रक्तवाहिनी दाबू शकतं. तिथे तारा घालाव्या लागतात. पण फिल्म नंतर. आधी मनगटाची नाडी, आधी नखांचा रंग, आणि आवळून बांधलेली पट्टी असेल तर आधी कात्री! "मॅडम, सात दिन तं व्हऊ द्या," असं कुणी म्हणालं की मी ओरडते. फार ओरडते.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. शेवटी त्यांना दिसत नव्हतं. गेले त्या दुपारी त्यांनी ताईचा तो हात छातीशी ओढला आणि एकेक बोट उलगडू लागले… बोटं तसूभरही हलली नाहीत.

"उघडी गयात का वं?" त्यांनी विचारलं.

ताईनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हां आप्पा, उघडी गयात."