आत्याच्या दोन बॅटऱ्या

माझ्या आत्याला कुणी 'तुला जमणार नाही' म्हटलं की ते काम झालंच म्हणून समजा. नवरा गेला तेव्हा त्याची छोटी मोटरबोट विकून टाक, असा सल्ला तिच्या दिरांनी महिन्याभरातच दिला. आत्याने त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः बोट चालवायला लागली. त्याला आता नऊ वर्षं झाली. खाडीपलीकडच्या शाळेच्या बाई, टपाल, औषधं, सगळं तीच पोचवते.

यंदा मात्र बोट सकाळी सुरूच होईना. बोटीत दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिन सुरू करायला, दुसरी दिव्यांना आणि पाणी उपसायच्या पंपाला. दुसरी उतरली तरी पहिली शाबूत राहावी, एवढ्यासाठीच तर दोन. इथे दोघी रोज मिळून मान टाकत होत्या. शुक्रवारी परवान्याची तपासणी होती. तासभर दिवे आणि पंप चालवल्यावर इंजिन सुरू झालं नाही तर परवाना जाणार, आणि फेऱ्या मिळणार दिरांच्या मोठ्या बोटीला. त्या आठवड्यात दीर आत्याच्या तब्येतीची फारच चौकशी करत होते.

आत्याने खापर फोडलं मिस्त्रीवर. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींचं वायरिंग तोच करतो. त्याला तिने चारचौघांत आंधळा म्हटलं, तोही तणतणत निघून गेला. नव्या बॅटऱ्या घे, असं जो तो सांगत होता.

"बॅटऱ्यांना काही झालेलं नाही. चोर वायरींत आहे," असं म्हणून तिने बॅटरी तपासायचा मीटर उचलला.

गुरुवारी दुपारी मी टॉर्च धरून बसले. आत्याने फक्त दिवे लावले. दिव्यांच्या बॅटरीचा आकडा उतरायला लागला, तसा इंजिनाच्या बॅटरीचाही. म्हणजे दोघी कुठेतरी जोडलेल्या होत्या. मग तिने एकेक वायर तपासली. स्विचबोर्डामागे, जिथे हात जेमतेम जातो, तिथे एक जाड तार सापडली. तिच्या टोकांना टेपऐवजी ताडपत्री शिवायचा निळा दोरा गुंडाळलेला होता.

आत्याने दोरा नखाने उकलून पाहिला. दोरा तिचाच होता. गेल्या हंगामात भर पाण्यात इंजिनाची बॅटरी बसली, तेव्हा दुसरीच्या जोरावर काठ गाठायला तिनेच ती तार जोडली होती. काठ गाठला आणि तार विसरली.

"कुणाला कळतंय? टाक पाण्यात," मी म्हटलं.

"मला कळलंय ना," म्हणत तिने तार सोडवली आणि पिशवीत टाकली.

मला तिचा रागच आला. दीर टपून बसलेले, आणि ही त्यांच्या हातात आयतं हत्यार देणार.

शुक्रवारी तासभर दिवे जळले, पंप घरघरत राहिला. आत्याने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बंद करून तिने ते आणखी दोनदा सुरू केलं, दिरांकडे बघत. तपासणीसाहेबांनी बोट पास केली आणि फॉर्म काढला.

"बोट सुरू होत नाही अशी तक्रार होती ना? दोष कुणाचा लिहू?"

सगळे गर्दीत मागे उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे बघायला लागले.

"माझा," आत्या म्हणाली. "मिस्त्रीला मी उगाच बोलले. चारचौघांत बोलले, म्हणून चारचौघांतच सांगते."

दीर लगेच पुढे सरसावले. "ऐकलंत ना साहेब? अशा बाईच्या हातात बोट..."

आत्याने वळूनही पाहिलं नाही. "साहेब, दुरुस्ती कुणी केली, तिथेही माझंच नाव लिहा. जरा ठळक लिहा. भाऊजींना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."