साहेबांनी न घेतलेलं नाव

आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक पद्धत होती. पाहुणा नेता त्याच्या शुद्ध हिंदीत बोलायचा आणि मग कुणीतरी त्याचा मतलब गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या बायांना मराठीत सांगायचा. मी घरातली पहिली बी.ए., म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जवळच्या कोहका वस्तीत भाड्याने राहणाऱ्या दोघींनी, एक नर्स, दुसरी शिवणकाम करणारी, देवळात एकमेकींना हार घातले. घरमालक मंडळातलेच. घर खाली करून घ्यावं की नाही, त्यांचं ठरेना. "साहेब काय म्हणतात पाहू," म्हणाले, आणि त्या वर्षीच्या पाहुण्या नेत्याच्या कानावर गोष्ट घातली. त्या संध्याकाळी दोघी मांडवात मागे येऊन बसल्या.

साहेब बराच वेळ बोलले. "कुछ लोग", "इस तरह की बातें", "बाहर की हवा", "हमारी संस्कृति" आणि शेवटी "समाज को सोचना होगा". त्यात बाया नव्हत्या, लग्नही नव्हतं. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

साहेब खुर्चीत बसून गळ्यातला हार काढत होते, तेव्हा माईक माझ्या हातात आला. मी म्हटलं, "साहेब दोन बायांच्या लग्नाबद्दल बोलले. नाव घेतलं नाही. काय करायचं, तेही सांगितलं नाही. समाजानं विचार करावा म्हणाले."

पहिल्या रांगेतून घरमालकांच्या आईने विचारलं, "मंग येवढा येळ काय सांगून राहिले होते?"

मांडव हसला. साहेबही हसले, कळलं नसावं.

"आन् कोनाचं लगन वो?"

"तुमच्याच भाडेकरणींचं, आजी."

"थे मले सुई टोचते थे? हात हलका हाय तिचा." आजीने मुलाकडे पाहिलं. "तिले काढशीन तं मले सुई कोन देईन? साहेब?"

प्रसादाच्या रांगेत घरमालकांनी मला गाठलं. "खाली करा असं म्हटलं नाही ना त्यांनी?"

"नाही. तुम्हालाच ठरवावं लागेल, काकाजी."

ते प्रसादाचा द्रोण घेऊन रांगेतून बाहेर पडले. मग दोघींपाशी गेले. "राहा. पण कोणी विचारलं तर मी बहिणी आहेत म्हणून सांगीन."

नर्स म्हणाली, "तुम्ही काही सांगू नका, काकाजी. आमच्याकडे पाठवा. आम्ही सांगू."