बाटलीच्या गळ्याला कुंकू

प्रयोगशाळेचं कुलूप काढलं की मामा आधी सगळ्या खिडक्या उघडायचे. मग खिशातून छोटीशी डबी काढून करंगळीशेजारच्या बोटाने आम्लाच्या एकेका बाटलीच्या गळ्याला ओलं कुंकू लावायचे. कालचं पुसून आजचं लावायचं, असा रोजचा नेम. हात मात्र कधी जोडले नाहीत. बोट फडक्याला पुसत स्वतःशीच म्हणायचे, "आधी बघूचा, मगे हात लावूचो."

आम्ही तरुण मंडळी हसायचो. परळच्या त्या कॉलेजात मी रसायनशास्त्राचा हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होतो. एम.एस्सी. नुकतंच झालं होतं, त्यामुळे जगातली सगळी अंधश्रद्धा घालवायची जबाबदारी माझ्यावरच आहे असं मला वाटे. "मामांची अ‍ॅसिडपूजा झाली, आता प्रॅक्टिकल सुरू करा," हा विनोद माझाच. मामा तो ऐकत आणि माझ्याहून मोठ्याने हसत.

कॉलेजात शिपाई, हमाल, प्रयोगशाळेतले मदतनीस, सगळ्यांनाच मामा म्हणायची पद्धत होती. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना नात्याने हाक मारतो आणि नाव विचारायचं राहून जातं. हे मामा मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला. मिलच्या रंगखात्यात आयुष्य गेलेलं. गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष चालू असताना ओळखीच्या कुणीतरी त्यांना आमच्याकडे आणलं. मुलाखतीत त्यांना विचारलं, शिक्षण किती? चौथी, म्हणाले. आम्लं हाताळायचा अनुभव? मामांनी उठून लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला आणि नडगीवरचा जुना, चकचकीत डाग दाखवला. "ह्यो दाखलो," म्हणाले. त्यांना तिथल्या तिथे घेतलं, पण माझ्यासारखंच हंगामी.

आम्लांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. सल्फ्युरिक म्हणजे 'थोरले'. जाड, शांत, बाटलीत तेलासारखे बसलेले. "थोरल्यांच्या डोक्यावर पाणी ओतलंत तर उसळून तुमच्या तोंडावर येतील," ते नव्या मुलांना सांगत. "थोरल्यांना पाण्यात उतरवायचं. काठाकाठाने, हळूहळू, ढवळत." आम्ल पाण्यात घालावं, आम्लात पाणी कधीही घालू नये, हे मी फळ्यावर लिहून दरवर्षी रेघ ओढायचो. मुलं ते विसरायची. थोरल्यांना मात्र कुणी विसरलं नाही. हायड्रोक्लोरिक म्हणजे 'शेजारी', कारण बूच काढलं की सगळ्यांच्या नाकात. आणि नायट्रिक म्हणजे 'नवरदेव'. ज्याला लागेल त्याची कातडी पिवळी करतो म्हणून.

एकदा घाईघाईत एका मुलाने पिपेट तोंडाला लावून आम्ल ओढायला घेतलं. त्या काळी सर्रास चालायचं ते. आम्हीही तसेच शिकलो होतो. मामा चार टेबलं ओलांडून आले आणि पिपेट अलगद काढून घेतली. "उसाचो रस आसा काय रे?" एवढंच म्हणाले. मग त्याला रबरी फुगा लावायला शिकवला. त्या मुलाला वर्षभर वर्गात 'रसवाला' म्हणत.

दुपारी आमच्या नळांना पाणी नसे. त्यामुळे सकाळीच सिंकजवळचं पिंप काठोकाठ भरून त्यावर तांब्या पालथा घातल्याशिवाय मामा प्रॅक्टिकल सुरूच होऊ देत नसत. विभागप्रमुख घड्याळ बघत येरझारा घालायचे आणि मामा बादल्या ओतत राहायचे. नवरदेव यायच्या आधी मांडवात पाणी नको का, असं प्रमुखांनाच विचारायचे. प्रमुख चिडायचे आणि थांबायचे.

इथवरचं सगळं मी आनंदाने सांगू शकतो. पुढचं सांगायला मला पुष्कळ वर्षं लागली.

विद्यापीठाची समिती तपासणीला येणार होती. त्याच सुमारास कॉलेजातल्या हंगामी लोकांना कायम करायचं घाटत होतं. यादीत मी होतो आणि मामाही होते. माझं लग्न ठरलं होतं, आणि नोकरी कायम झाल्याशिवाय तारीख काढायची नाही असं मुलीकडच्यांनी कळवलं होतं. मामांचा संप संपला की नाही हे कुणी सांगत नव्हतं, पण मिलचं दार त्यांच्यासाठी उघडणार नाही एवढं त्यांना कळलं होतं. दोघांनाही ही नोकरी हवी होती.

तपासणीच्या सकाळी मामा वरच्या मजल्यावरून खुर्च्या आणायला गेले. मी एकटाच होतो. समितीतल्या विद्वान माणसांना बाटल्यांवर कुंकू दिसलं तर काय वाटेल, या विचाराने मला घाम फुटला. मी ओलं फडकं घेतलं आणि एकूण एक बाटली लख्ख पुसली. मग समितीसमोर दाखवायच्या प्रयोगासाठी नायट्रिक ओतून घेतलं. लक्ष सगळं दाराकडे होतं. एखादा ओघळ बाहेरून गेला असावा. मी पाहिलं नाही. बाटली फळीवर ठेवून दिली.

समिती आली. प्रयोग चालू असताना नायट्रिक थोडं कमी पडलं. मामा फळीजवळ उभे होते. मी म्हणालो, "मामा, नायट्रिक द्या."

ते बाटलीकडे वळले आणि थांबले. रिकाम्या गळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डोळे मोठे केले. लवकर, पाहुण्यांसमोर तमाशा नको, असा त्याचा अर्थ. मामांनी एक हात गळ्याला आणि एक तळाला लावून बाटली उचलली, नेहमीसारखी.

दोन पावलांतच त्यांचा चेहरा बदलला. पण बाटली सोडली नाही. समोर पंधरा-वीस मुलं होती, बर्नर पेटलेले होते. त्यांनी ती ट्रेमध्ये सावकाश टेकवली, मगच पिंपाकडे गेले. पुढे बसलेल्या एका मुलीला म्हणाले, "बाय, तांब्याने वतीत ऱ्हव. मी सांगेपर्यंत थांबू नको." ती बिचारी रडत रडत ओतत राहिली आणि मामा तिला विचारत राहिले, गाव कुठलं, भाऊ किती, आज डब्यात काय. पंधरा-वीस मिनिटं पाणी चालू होतं. तळहात वाचला तो त्या पिंपामुळे.

समितीतले एक सदस्य कडक होते. बाटली बाहेरून ओली कशी राहिली? जागेवर ठेवली कुणी? प्राचार्यांनी तोच प्रश्न मोठ्याने विचारला.

मी तोंड उघडलं होतं, हे मला आजही स्पष्ट आठवतं. तोंड उघडं होतं आणि आवाज आला नाही.

"मी, साहेब," मामा पाण्याखालून हात न काढता म्हणाले. "सकाळी मीच पुसलंय सगळं."

महिन्याभराने यादी लागली. माझं नाव होतं. मामांच्या नावापुढे निष्काळजीपणाचा शेरा आणि फेरविचार पुढल्या वर्षी. ते पुढलं वर्ष यायला तीन वर्षं गेली. तोवर माझं लग्न होऊन मुलगीही झाली होती. बारशाला मामा झबलं घेऊन आले होते.

अपघातानंतर आठवड्याने ते कामावर आले तेव्हा बोटांच्या कडा अजून पिवळ्या होत्या. कँटीनवाला म्हणाला, मामा, या वयात हळद? मामा म्हणाले, हो रे, पण नवरी कुठे बसवलीस ती सांग. तेवढ्या हशात मी धीर करून त्यांना कुंकवाचं विचारलं. त्यांनी डबीतलं कुंकू काचेच्या तुकड्यावर लावलं आणि कांडीने नायट्रिकचा पातळ थेंब सोडला. लाल ठिपका डोळ्यांदेखत पिवळा पडला.

घरी हळदीला चुना लावून त्यांची बायको ते कुंकू करायची. बाजारातल्याचा रंग बदलत नाही, हे त्यांनी लावून पाहिलं होतं. बाटलीवरून ओघळ आला असेल तर ठिपका पिवळा दिसतो, मग ती बाटली आधी धुवायची. रंगखात्यातल्या कुणा जुन्या माणसाने शिकवलेली युक्ती. लाल आणि निळ्या लिटमसवर मी तोवर कितीतरी तास शिकवले होते.

मामा निवृत्त झाले तेव्हा मी विभागप्रमुख होतो. निरोपाचं भाषण माझ्याकडे होतं. गुणगान लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं. फडकं कुणाचं होतं, ओघळ कुणाचा होता आणि शेरा कुणाच्या वाट्याचा होता, ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. नवे प्राचार्य खाली बघत होते.

उत्तराला मामा उठले. शाल सारखी घसरत होती.

"सरांनी सांगितलं ते खरं आहे," ते म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं. मी मिलमध्ये अकरा वर्षं बदली कामगार होतो. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कोणी आला नसेल तर त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर घरी. गेटवर शंभर जण आणि पुकारणार दहा नावं. त्या दिवशी मी म्हटलं, आज सरांचं नाव पुकारू देत. त्यांना उभं राहायची सवय नाही." मग शाल सावरत म्हणाले, "आपलं नाव जरा उशिरा पुकारलं, एवढंच."

सगळे हसले. मला हसता आलं नाही, म्हणून बहुधा खाली उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "इतकी वर्षां पोटात ठेवलात? पित्त झाला असतला, सर."

शेरा मी नंतर लेखी अर्ज देऊन काढून टाकायला लावला. त्याची प्रत त्यांच्या गावच्या पत्त्यावर पाठवली. पोचली म्हणून पोस्टकार्ड आलं, त्यात आंब्याचीच खुशाली जास्त होती. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

पण मला आठवते ती निरोपाची संध्याकाळ. टॅक्सी करून देतो म्हटलं तर ऐकेनात. ते लालबागच्या बाजूच्या स्टॉपवर उभे राहिले, मी रस्त्यापलीकडे, दादरच्या. त्यांची बस आली ती भरलेली. कंडक्टरने एकालाच घेईन म्हणून बोट दाखवलं. मामांच्या मागे पाटी घेतलेली एक कोळीण होती. मामा बाजूला झाले, तिची पाटी वर चढवायला हात लावला, आणि बस निघून गेली.

तेवढ्यात माझी बस आली. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा मामा शाल काखेत मारून तिथेच उभे होते आणि शेजारच्या माणसाला काहीतरी सांगून हसवत होते.