न धावणाऱ्यांचे कॅप्टन

कॅप्टनचा उजवा गुडघा वाकत नव्हता आणि डावा पुरता सरळ होत नव्हता. ते चालायला लागले की अनोळखी माणसं बाजूला सरून वाट द्यायची, आणि कॅप्टनना त्याचा भयंकर राग यायचा. आयुष्यात त्यांनी एकही धाव पळून काढली नव्हती. तरी आम्ही चौदा पोरं त्यांना कॅप्टन म्हणायचो आणि त्यात कुणालाच काही विनोद वाटत नसे.

आमचं सगळ्यांचं दुखणं एकच, हिमोफिलिया. रक्त लवकर गोठत नाही. लोकांना वाटतं, खरचटलं की आम्ही संपलो. खरचटण्याचं एवढं काही नसतं. रक्त आत, सांध्यात उतरतं, गुडघा फुगून बसतो, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की तो कॅप्टनच्या गुडघ्यासारखा होतो. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर थांबतं. मी बारा वर्षांचा असताना त्यासाठी आई मला जेऊरहून पॅसेंजरनं सोलापूरला आणायची. तिथं दवाखान्याच्या बाकावर कॅप्टन पहिल्यांदा भेटले. त्यांचाही नंबर लागायचा होता.

"पोराला क्रिकेट आवडतंय का?" त्यांनी आईला विचारलं.

"बघायला लई आवडतंय."

"बघायला तर आमच्या आईलापन आवडतंय की. रविवारी घिऊन या."

टॉवेलच्या कारखान्यात बसून घड्या घालायची त्यांची नोकरी होती. कारखान्यामागची मोकळी जागा मालकानं रविवारपुरती दिली होती. प्लास्टिकचा बॉल, खेळणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट, आणि पळायचं नाही. बॉल चुन्याच्या पहिल्या रेषेपलीकडं गेला की एक धाव, दुसरीपलीकडं दोन, भिंतीला लागला तर चार. एलबीडब्ल्यू नव्हतंच, कारण पायाला बॉल लागला की आमच्या आधी आयाच अपील करायच्या. घरी मला कुणी मोठ्यानं हाकसुद्धा मारत नसे. इथं पहिल्याच दिवशी कॅप्टननी झापलं, "बॉल अडव की, झोपलास का?" परतीच्या गाडीत मी जेऊर येईपर्यंत एकसारखा बडबडत होतो, असं आई अजून सांगते.

खेळ सुरू व्हायच्या आधी जोड्या लावायच्या. जोडीदाराच्या दोन्ही गुडघ्यांना, घोट्यांना, कोपरांना उलटा हात लावून बघायचं. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली, म्हणजे आत रक्त उतरतंय, तर त्या दिवशी तो बाहेर. आपलं आपण तपासायला बंदी होती. "सोताचा गुडघा समद्यांना थंडच लागतोय," कॅप्टन म्हणायचे. खेळायच्या हावेपायी आम्ही सांध्यात मुंग्या यायला लागल्या तरी गप्प बसतो, हे त्यांना ठाऊक होतं. लहानपणी त्यांनीही तेच केलं होतं. चौदा पोरांच्या सात जोड्या बरोबर जमायच्या. कॅप्टनना हात लावून बघायला कुणी उरत नसे, आणि तसं आमच्या कधी मनातही आलं नाही.

एकदा अकलूजच्या एका मुलाचा घोटा सुजला. आठवड्यात सूज उतरली, पण पुढच्या रविवारी पाच जणांच्या आया आल्याच नाहीत. कॅप्टन त्या पायांनी एसटीत चढउतार करत घरोघर गेले आणि पाचही पोरं परत आणली. मला म्हणाले, "आजून एकदा कुनाला कायतरी झालं, तर सपलं बघ आपलं."

म्हणून त्यांनी जवळच्या एका शाळेच्या टीमशी मॅच ठरवली. नियम आमचेच. सगळ्यांचे आईबाप बघायला येणार होते. एक अख्खी मॅच कुणालाही काही न होता पार पडते, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. मी तेव्हा पंधराचा होतो.

कॅप्टन अंपायर होते. शाळेच्या पोरानं एक उंच फटका मारला, कॅप्टन बॉल बघत मागं सरकले, न वाकणारा पाय दगडाला अडला आणि ते पडले. डोकं मागच्या पाण्याच्या टाकीच्या कडेवर आपटलं. बाकी सगळ्यांची नजर बॉलवर होती, मी चार पावलांवर उभा होतो. हात देऊन उठवलं.

"लागलं व्हय?"

"गप. मॅच होऊ दे."

"पन फॅक्टर घ्याय पायजे की."

"जातो की मॅच झाल्यावर. आता थांबवलं तर आया पोरं उचलून नेतील. परत एकपन येणार न्हाय."

मी गप्प बसलो. त्यांनी सांगितलं म्हणून बसलो, आणि माझी बॅटिंग यायची होती म्हणूनही बसलो. पुढं दीड तास मॅच चालली. मी अकरा धावा केल्या. आम्ही चार धावांनी हरलो आणि कॅप्टन टाळ्या वाजवत म्हणाले, "हरलो की रे, चांगलं रीतसर हरलो." मग ते खुर्चीत बसले. थोड्या वेळानं उलटी झाली आणि त्यांना उठता येईना. दवाखान्यात फॅक्टर लगेच दिला, पण तोवर डोक्यात रक्त उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यानंतर कुणीच पोराला पाठवलं नाही. "त्यांना एवढं कळत हुतं, तरी तेच गेले," माझी आई म्हणाली आणि माझी बॅट तिनं माळ्यावर टाकली. मोठा झाल्यावर मी पुन्हा टीम जमवायला बघितली. दोन रविवार त्या भिंतीपाशी एकटाच उभा राहिलो. आता तिथं कारखान्याची शेड आहे. दवाखान्यात नंबर लावताना जुन्यांपैकी कुणी भेटतं. एकमेकांच्या काठीकडं बघतो, मान हलवतो, आणि दोघंही आपापला मोबाइल काढतो.

हे सगळं इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही. दहाव्याला आम्ही सगळी पोरं कॅप्टनच्या घरी गेलो होतो. त्यांची आई घरात तेलुगू बोलायची. आमच्याशी मोडक्या मराठीत बोलली. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर पोरगा वाचला असता, असं तिनं सांगितलं. मग आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघत तिनं विचारलं, "पडला तवा कोनी बघितलं न्हाई का?"

मीच बोललो. "आमी समदे बॉलकडं बघत होतो, आज्जी."

तिला ते पटलं.